विंडोज १० चा सपोर्ट संपला : झेरॉक्स-डीटीपी दुकानातल्या दोन पीसींचं काय करू? (शॉर्टकट व्हायरससकट)

टोनर_संपला

तालुक्याच्या गावी झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान. दोन असेंबल्ड पीसी आहेत.

पीसी १ : आय३-४१३०, एच८१ बोर्ड, ४ जीबी डीडीआर३, ५०० जीबी हार्ड डिस्क, विंडोज १० प्रो. कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर यालाच जोडलाय. मोठ्या झेरॉक्स मशीनवरचं स्कॅनिंगही याच्या शेअर फोल्डरमध्ये येतं.

पीसी २ : आय३-८१००, एच३१० बोर्ड, ८ जीबी डीडीआर४, १ टीबी हार्ड डिस्क, सी-डी-ई-एफ असे चार ड्राइव्ह, विंडोज १० प्रो. लग्नपत्रिका, बॅनर, जुने कोरल ड्रॉचे जॉब सगळे यात. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक म्हणतं टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) नाही, म्हणून विंडोज ११ मिळणार नाही.

गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह दोन्हीकडे लागतात. शॉर्टकट व्हायरस काढला तरी चार दिवसांनी परत हजर. कॉम्प्युटरवाला म्हणतो दोन्ही पीसी भंगारात काढा आणि नवे घ्या. दुसरा म्हणतो पेन ड्राइव्हवरून विंडोज ११ 'जबरदस्तीने' टाकून देतो. नेमकं काय करावं? एकदम दोन पीसींचं बजेट नाही.

बायोसबाबा

पीसी २ भंगारात काढायचं काहीच कारण नाही. आठव्या पिढीचा इंटेल विंडोज ११ च्या अधिकृत यादीत आहे. टीपीएमची वेगळी चिप बोर्डवर नसेल, पण तेच काम करणारं पीटीटी प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्ये असतं आणि बहुतेक एच३१० बोर्डांवर ते कारखान्यातूनच बंद येतं. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जा : आसुस असेल तर ॲडव्हान्स्डमध्ये पीसीएच-एफडब्ल्यू कॉन्फिगरेशन, गिगाबाइटला पेरिफेरल्समध्ये 'इंटेल प्लॅटफॉर्म ट्रस्ट टेक्नॉलॉजी', एमएसआयला सिक्युरिटीखाली ट्रस्टेड कॉम्प्युटिंग. चालू करून सेव्ह करा, विंडोजमध्ये टीपीएम डॉट एमएससी उघडा. स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० दिसलं की हा विषय संपला.

खरी अडचण पुढे आहे. चार ड्राइव्ह आहेत म्हणताय, म्हणजे डिस्कची विभागणी जवळपास नक्की एमबीआर या जुन्या पद्धतीची. विंडोज ११ च्या सिक्युअर बूटसाठी (खात्रीचंच विंडोज सुरू होऊ देणारी सोय) यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचं बायोस लागतं आणि यूईएफआयला बूट डिस्क जीपीटी या नव्या विभागणीची लागते. मायक्रोसॉफ्टचं एमबीआर-टू-जीपीटी हे टूल डेटा न उडवता रूपांतर करतं, पण त्याची अट अशी की डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन नकोत आणि एक्स्टेंडेड पार्टिशन मुळीच नको. आपल्याकडे असेंबल करणारे सी-डी-ई-एफ पाडून देतात, त्यात चौथं हमखास एक्स्टेंडेडमध्ये जातं. मग टूल 'डिस्क लेआउट व्हॅलिडेशन फेल्ड' म्हणून हात वर करतं. याच टप्प्यावर लोक बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट होऊ देणारी सोय) बंद करून बसतात आणि पीसी बूट होईनासा होतो. तसं झालं तर घाबरू नका, सीएसएम परत चालू केलं की जुनं विंडोज उठतं.

म्हणून त्या डिस्कशी झटापट नको. २५० किंवा ५०० जीबीचा साटा एसएसडी घ्या आणि त्यावर विंडोज ११ कोरं टाका. बोर्डवर एम.२ स्लॉट दिसला तरी त्यात बसणाऱ्या महागड्या एनव्हीएमई एसएसडीच्या मोहात पडू नका. एच३१० चिपसेटच्या डेटाच्या लेन पीसीआयई २.० या जुन्या पिढीच्या आहेत, पूर्ण वेग मिळणारच नाही. कोरलची फाइल उघडताना तुम्हाला फरक जाणवेल तो हार्ड डिस्क सुटल्याचा.

टाकताना एक गोष्ट विसरू नका : जुन्या हार्ड डिस्कची साटा केबल काढून ठेवा. ती लागलेली राहिली तर इन्स्टॉलर बूट फाइल्स कधी कधी जुन्या डिस्कवर टाकतो आणि उद्या ती डिस्क मेली की नवा एसएसडीही बूट होत नाही. मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीच्या पेनवर इन्स्टॉलर बनवा आणि बूट मेन्यूत पेनच्या नावाआधी 'यूईएफआय' लिहिलेली नोंद निवडा. दोन नोंदी दिसतात, नुसत्या नावाची घेतली तर पुन्हा एमबीआरच्या फेऱ्यात. इन्स्टॉल झालं, सीएसएम बंद, सिक्युअर बूट चालू, मग जुनी डिस्क जोडा. डी-ई-एफ जसेच्या तसे दिसतील. डेटा डिस्क एमबीआर असली तरी चालते.

उणे_एच

शॉर्टकट व्हायरस परत येतो कारण तुम्ही पेन साफ करताय, पीसी नाही. हा वर्म (स्वतःच पसरणारा व्हायरस) आधी मशीनमध्ये बसतो, चालू राहतो आणि नवीन पेन लागला रे लागला की त्यातल्या फाइल्सना हिडन आणि सिस्टीम असे दोन्ही शिक्के मारतो. वर त्याच नावाचे एक-दोन केबीचे शॉर्टकट. त्यावर डबल क्लिक केलं की आधी वर्म चालतो, मग तुमचा फोल्डर उघडतो, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. पेन फॉरमॅट करून काही उपयोग नाही, पुन्हा लावला की पुन्हा तेच.

आधी नेट काढा आणि सगळे पेन बाहेर. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये डब्ल्यूस्क्रिप्ट डॉट ईएक्सई (स्क्रिप्ट चालवणारा विंडोजचा प्रोग्रॅम) दिसतं का बघा. दिसलं तर त्यावर राइट क्लिक करून लगेच संपवू नका, 'कमांड लाइन' हा कॉलम चालू करा. कुठल्या फाइलवरून चाललंय तो पत्ता तिथेच मिळतो. बहुतेक वेळा ती फाइल ॲपडेटाच्या रोमिंग फोल्डरमध्ये किंवा टेम्पमध्ये असते. पत्ता लिहून घ्या, प्रोसेस संपवा, फाइल उडवा. मग सिसइंटर्नल्सचं ऑटोरन्स (आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टी दाखवणारं टूल) चालवून लॉगऑन आणि शेड्यूल्ड टास्क हे दोन टॅब तपासा. टास्कमधली नोंद राहिली की तुमचे 'चार दिवसांनी परत' सुरू. शेवटी डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन. विंडोज सुरू होण्याआधीच तो तपासतो, म्हणून वर्मला लपायला जागा राहत नाही.

आता पेन. हिडनचा टिकमार्क प्रॉपर्टीजमध्ये काढता येत नाही, तो राखाडी दिसतो, कारण सोबत सिस्टीमचा शिक्का असतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये पेनच्या ड्राइव्हवर जाऊन एटीटीआरआयबी, मग वजा एच, वजा आर, वजा एस, तारा-टिंब-तारा, स्लॅश एस, स्लॅश डी. मध्ये प्रत्येक ठिकाणी एक स्पेस. अर्थात इंग्रजी अक्षरांत. पेनमध्ये बिननावाचा एक फोल्डर उघडा पडेल, गिऱ्हाइकाचं खरं सामान बहुतेकदा त्यात असतं. शॉर्टकट आणि व्हीबीएस किंवा जेएस या स्क्रिप्टच्या फाइल्स डिलीट.

पुन्हा लागू नये म्हणून दोन कुलपं लावा. दोन्ही लागतात.

ग्रुप पॉलिसीत (विंडोजचे नियम ठरवण्याच्या खिडकीत) कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टीम, रिमूव्हेबल स्टोरेज ॲक्सेस. तिथे 'रिमूव्हेबल डिस्क्स : डिनाय एक्झिक्यूट ॲक्सेस' चालू करा. तुमचं प्रो आहे म्हणून हे मिळेल, होममध्ये नाही. फाइल्स वाचता येतात, पेनवरची ईएक्सई मात्र चालत नाही. पण स्क्रिप्ट यातून सुटते, कारण स्क्रिप्ट चालवणारं डब्ल्यूस्क्रिप्ट सी ड्राइव्हवरच असतं, पेनवरची फाइल ते फक्त वाचतं. म्हणून दुसरं कुलूप : रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात) एचकेएलएम, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज स्क्रिप्ट होस्ट, सेटिंग्ज इथे 'एनेबल्ड' नावाचा ३२ बिटचा डीवर्ड करून किंमत ० द्या. तोटा एवढाच की विंडोज आणि ऑफिसच्या ॲक्टिव्हेशनच्या स्क्रिप्टही थांबतात. त्या चालवायच्या वेळी किंमत १ करा, काम झालं की परत ०.

आणखी एक. डिफेंडरचा फुल स्कॅन पेन ड्राइव्ह तपासत नाही, ते मूळ सेटिंगमध्ये बंद असतं. ग्रुप पॉलिसीत डिफेंडरच्या स्कॅन विभागात 'स्कॅन रिमूव्हेबल ड्राइव्ह्ज' चालू करा. पण रोजच्या गर्दीत खरा उपाय म्हणजे पेन लागला की राइट क्लिक आणि स्कॅन.

टोनर_संपला

दोघांचेही आभार. पीटीटी सापडलं, टीपीएम २.० दिसतंय. पीसी १ बद्दल मात्र कुणी बोललं नाही. ईएसयू (वाढीव सुरक्षा अपडेट) म्हणून काहीतरी आहे ना? आणि ऑनलाइन ८ जीबी डीडीआर३ खूप स्वस्त दिसतेय, वर्णनात 'फक्त एएमडीसाठी' लिहिलंय. रॅम ती रॅमच, चालून जाईल ना?

बायोसबाबा

चालणार नाही. त्या जास्त घनतेच्या चिप्सच्या काड्या असतात, इंटेलच्या मेमरी कंट्रोलरला त्या समजत नाहीत. स्क्रीन काळी किंवा अर्धीच रॅम दिसेल. एच८१ वर साधी डीडीआर३-१६००, ४ जीबीची जुनी काडी चाचणी करून घ्या, स्लॉट दोनच आहेत.

नव्या पीसीची घाई करू नका असं मी म्हणतो त्यामागे आणखी एक कारण आहे. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत. मेमरी बनवणाऱ्या कंपन्या एआय सर्व्हरच्या मागणीकडे वळल्या आहेत. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रूशिअल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी नवं कॅबिनेट म्हणजे पैशाचा मोठा वाटा रॅममध्येच. पीसी २ ला ८ जीबीवर एक-दोन वर्षं काढता येतात.

लॅनवाली

पीसी १ साठी ईएसयू. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यानंतर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळवण्याची ही सोय. अट : विंडोज १० चं २२एच२ व्हर्जन असावं, सगळे अपडेट लागलेले असावेत, ॲडमिन लॉगिन असावं आणि मायक्रोसॉफ्ट खातं असावं. विंडोज अपडेटच्या पानावर 'एनरोल नाऊ' दिसतं. सेटिंग्जचा बॅकअप खात्याशी जोडला तर फुकट, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. दुवा दिसत नसेल तर ऑगस्ट २०२५ नंतरचे अपडेट राहिलेत असं समजा, त्याआधी नोंदणीची खिडकी उघडून लगेच बंद पडायची. मात्र कागदोपत्री ही घरगुती वापरासाठीची योजना आहे. धंद्यासाठीची वेगळी, पहिल्या वर्षाला दर मशीनला ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. एवढे पैसे चौथ्या पिढीच्या मशीनवर घालणं मला पटत नाही.

लोकांचा गोंधळ इथे होतो : डिफेंडरच्या व्हायरस-व्याख्या विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येणार आहेत, म्हणून वाटतं की सगळं आलबेल. व्याख्या ओळखीचा व्हायरस पकडतात, विंडोजमधलं भोक बुजवत नाहीत. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइल्स लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस (रॅन्समवेअर) मे महिन्यात पसरला, त्याचं पॅच, म्हणजे भोक बुजवणारं अपडेट, मार्चमध्येच आलेलं होतं, लावलं नव्हतं त्यांनाच फटका बसला. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला नॉटपेट्या हा दुसरा व्हायरस आला आणि नवी मुंबईत जेएनपीटी बंदरातल्या, मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाच्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. तो तर पॅच लावलेल्या मशीनवरही गेला, कारण एका मशीनच्या मेमरीतले ॲडमिन पासवर्ड उचलून तो शेजारच्या मशीनवर लॉगिन करायचा. तुमच्या दुकानात दोन्ही पीसींना एकच ॲडमिन पासवर्ड असेल (किंवा पासवर्डच नसेल) तर चित्र तेच. रोजच्या कामाला साधं स्टँडर्ड खातं करा आणि दोन्हीकडचे ॲडमिन पासवर्ड वेगळे ठेवा.

जुगाडू_जॉन

एवढी माथेफोड कशाला? रूफस या इन्स्टॉलर पेन बनवणाऱ्या टूलने टीपीएमची अट काढून पीसी १ वर विंडोज ११ टाका. आय३-४१३० वर विंडोज ११ चं २५एच२ व्हर्जन चढतं, २४एच२ पासून सक्तीची असलेली पॉपकाउंट ही सूचना त्या प्रोसेसरमध्ये आहे. संपला विषय.

बायोसबाबा

चढतं हे खरं, पुढचंही सांगा की. मासिक अपडेट येतात, पण दर वर्षीचं मोठं व्हर्जन विंडोज अपडेटमधून आपोआप येत नाही, इन्स्टॉलरची आयएसओ फाइल घेऊन हाताने चढवावं लागतं. प्रो आवृत्तीचं २५एच२ ऑक्टोबर २०२७ मध्ये संपतं, तेव्हा कुणाच्या लक्षात राहणार? हॅसवेलच्या (म्हणजे या चौथ्या पिढीच्या) ग्राफिक्सला विंडोज ११ चा ड्रायव्हर इंटेलने काढलेला नाही, १० चाच ओढायचा. मेमरी इंटिग्रिटी (घातक ड्रायव्हर अडवणारी विंडोजची सोय) चालू केली तर या पिढीच्या प्रोसेसरला ते काम सॉफ्टवेअरने करावं लागतं, मशीन आणखी मंद. आणि ४ जीबीवर विंडोज ११ म्हणजे माउस हलवला की चहा पिऊन यायचं. घरी प्रयोग म्हणून ठीक, गिऱ्हाईक काउंटरवर उभं असताना नाही. शिवाय 'टाकून देतो' म्हणणारा सोबत क्रॅक ॲक्टिव्हेटर (लायसन्स नसताना विंडोज चालू करणारा प्रोग्रॅम) टाकतो का ते आधी विचारा.

उणे_एच

ॲक्टिव्हेटरबद्दल शंभर टक्के. तो चालवताना आधी डिफेंडर बंद करायला सांगतात, त्यातच सगळं आलं. स्टॉप उर्फ डीजेव्हीयू नावाचं रॅन्समवेअर मुख्यतः क्रॅक आणि कीजेनमधूनच (खोटी लायसन्स की बनवणारे प्रोग्रॅम) पसरलं. प्रत्येक फाइलचे सुरुवातीचे सुमारे १५० केबी लॉक करून ते पुढे जातं, म्हणून काही मिनिटांत पूर्ण डिस्क उरकते. पीसी १ साठी माझं मत : एसएसडी टाकून त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, आणि ते मशीन फक्त 'पेन ड्राइव्ह उतरवण्याचं' करा. विंडोजचे शॉर्टकट आणि व्हीबीएस तिथे निव्वळ निर्जीव फाइल्स. हिडन फाइल्सही थेट दिसतात, कारण लिनक्स तो शिक्का जुमानत नाही. गिऱ्हाइकाची पीडीएफ किंवा जेपीजी तेवढी शेअर फोल्डरमध्ये टाकायची. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. आणि पीसी २ च्या यूएसबीला पेन लावणं बंद, म्हणजे बंद.

लॅनवाली

कल्पना चांगली आहे, पण दोन ठिकाणी अडकेल. एलबीपी २९०० ला कॅननचा कॅप्ट ड्रायव्हर लागतो, लिनक्सवर तो डोकेदुखी आहे. एचपी १०२० प्रिंटर असता तर प्लगइन टाकून निभावलं असतं. म्हणजे प्रिंटर पीसी २ ला हलवा, विंडोज ११ वर ६४ बिट ड्रायव्हर चालतो. आधार बायोमेट्रिकची आरडी सर्व्हिस (ठसे घेणाऱ्या यंत्राचा प्रोग्रॅम) आणि डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल तर तेही पीसी २ वरच. दुसरं, वर्ड फाइल मिंटच्या लिबर ऑफिसमधून छापू नका. कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये टाइप केलेला अर्ज फॉन्ट नसला की नुसती इंग्रजी अक्षरं दाखवतो आणि फॉन्ट टाकले तरी ओळी सरकतात. वर्ड फाइल पीसी २ वरच उघडा, मॅक्रो बंद ठेवून.

आता शेअर फोल्डर. विंडोज ११ प्रो २४एच२ पासून बिनपासवर्डचं गेस्ट शेअर उघडत नाही आणि एसएमबी (फोल्डर शेअर करण्याची पद्धत) सायनिंगची, म्हणजे देवाणघेवाणीवर डिजिटल सहीची सक्ती आहे. 'एव्हरीवन'ला खुला फोल्डर ठेवायची सवय सोडावी लागेल. पीसी २ वर 'स्कॅन' नावाचं स्टँडर्ड खातं करा, त्याला पासवर्ड द्या, एकाच फोल्डरवर लिहायचा हक्क द्या. मिंटवरून जोडताना आणि झेरॉक्स मशीनच्या ॲड्रेस बुकमध्येही तेच नाव-पासवर्ड. जुनं झेरॉक्स मशीन एसएमबी१ या जुन्या आवृत्तीशिवाय बोलत नसेल तर त्याच्यासाठी विंडोजमध्ये एसएमबी१ चालू करू नका, वॉनाक्राय त्याच दारातून आला होता. मशीनमध्ये एफटीपीची (फाइल पाठवण्याची दुसरी पद्धत) सोय असेल तर ती वापरा, नाहीतर स्कॅन सरळ यूएसबीवर घेऊन मिंटमध्ये उतरवा.

टोनर_संपला

पटलं. मग शेवटचे दोन प्रश्न. नवीन विंडोज टाकल्यावर कोरलमध्ये जुने मराठी फॉन्ट दिसतील ना? आणि डी ड्राइव्हवरचे जॉब, साधारण १८० जीबी, त्यांचा बॅकअप कुठे?

बायोसबाबा

फॉन्ट आधी विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून वेगळे कॉपी करून ठेवा. परत टाकताना डबल क्लिक करून 'इन्स्टॉल' नको, राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूझर्स' घ्या. नुसतं इन्स्टॉल केलं की फॉन्ट त्या एका यूझरच्या फोल्डरमध्ये जातो आणि कोरलच्या जुन्या आवृत्त्यांना तो दिसत नाही. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल (लायसन्सची काडी) असेल तर त्याचा ताजा ड्रायव्हर आधी मिळवा, जुना ड्रायव्हर मेमरी इंटिग्रिटी अडवते.

बॅकअपच्या आधी क्रिस्टल डिस्क इन्फो या टूलने त्या १ टीबी डिस्कची तब्येत बघा. सी५, म्हणजे करंट पेंडिंग सेक्टर (वाचताना अडणारे डिस्कचे भाग), शून्याच्या वर असेल तर क्लोनच्या, म्हणजे पूर्ण डिस्कची नक्कल काढण्याच्या भानगडीत न पडता महत्त्वाचे फोल्डर आजच्या आज हाताने कॉपी करा.

लॅनवाली

एक्स्टर्नल डिस्क दोन घ्या, आलटून पालटून. एक दुकानात, एक घरी. कॉपी झाली की केबल काढायची. कायम जोडलेली डिस्क रॅन्समवेअरला डी-ई-एफसारखाच आणखी एक ड्राइव्ह. चालू महिन्याचे जॉब गुगल ड्राइव्हच्या १५ जीबीत मावतील. डिफेंडरचा कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस (अनोळखी प्रोग्रॅमला फाइल्स बदलू न देणारी सोय) चालू करून त्यात डी ड्राइव्ह घाला. पहिल्याच दिवशी कोरल 'सेव्ह होत नाही' म्हणेल, तेव्हा त्याला 'अलाऊ ॲन ॲप'मध्ये नोंदवा, फीचर बंद करू नका.

विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट खात्याने कोरं टाकलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन (पूर्ण डिस्क कुलूपबंद करणारी सोय) आपोआप चालू होऊ शकतं. ४८ अंकी रिकव्हरी की खात्यात जाते, तिची प्रिंट काढून घरी ठेवा. बायोस अपडेट केलं किंवा पीटीटी चुकून बंद झालं की पीसी तीच मागतो आणि त्या वेळी दुकानातला दुसरा पीसी म्हणजे मिंट, त्यातून खात्यात लॉगिन करायला पासवर्ड पाठ लागतो.

उणे_एच

काउंटरवर बसणाऱ्या पोरांना एक सांगून ठेवा. फॉर्म भरताना एखादी साइट 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणून विंडोज-आर दाबा, कंट्रोल-व्ही करा, एंटर मारा असं सांगत असेल तर टॅब बंद. साइटने आधीच क्लिपबोर्डवर पॉवरशेलची (विंडोजला थेट हुकूम देणारा प्रोग्रॅम) कमांड ठेवलेली असते आणि ती आपण स्वतःच्या हाताने चालवतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड त्यातून जातात. गिऱ्हाइकांचे पोर्टल लॉगिन त्या ब्राउझरमध्ये सेव्ह असतील तर आजच काढा.